औषधाचं कपाट

माझ्या बाळांनो,

मागच्या रविवारी फोन फिरवून तुम्हाला पडवी दाखवली, तेव्हा तुम्ही दोघं तिथल्या लोखंडी कपाटाला हसलात. धाकटी म्हणाली, "आज्जी, दागिने असे बाहेर ठेवलेस?" मीही हसले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हे लिहून ठेवायला हवं, आणि आत्ताच. तुमच्या बाबांनी पुढच्या हंगामापासून मळा खंडाने द्यायचं ठरवलं आहे. ज्याला द्यायचा तो माणूस येऊन विहीर बघून गेला, मोटर चालू करून बघितली, आणि जाता जाता कपाटापाशी थांबून म्हणाला, "आज्जी, हे कशाला पायजे? औषध आपलं मळ्यातल्या खोलीत राहू दे की."

मळ्यातल्या खोलीत कोण राहतं, ते तुम्हाला माहीत आहे. पंपमामा आणि मामी.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही ते जड नव्हतं. पण यात जी माणसं बोलतात त्यांचं बोलणं मला इंग्रजीत ऐकू येत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

पंपमामा हे नाव तुम्हीच ठेवलेलं. सुट्टीत आलात की त्याच्या मागे मागे फिरायचात, आणि त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा फवारणीचा पंप असायचा. तो आपला नातेवाईक नव्हे. तुमच्या बाबांच्या लग्नाआधीपासून तो आपल्या मळ्यात कामाला आहे. पेरणी, भांगलण, उसाला पाणी पाजणं, सगळं करायचा, पण औषध मारण्यात त्याचा हात बसलेला होता. आसपासच्या चार शेतांतही त्यालाच बोलावणं यायचं. मामी बरोबर असायची, घागरीने पाणी आणून टाकी भरून द्यायला.

आता आपल्या घराची एक रीत सांगते. आपण जैन. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करतो, कारण पानाला जीव चिकटलेले असतात. पण शेतही करतो, आणि सोयाबीनवर अळी पडली की तिला मारावं लागतं. निपाणी-चिकोडी भागातली बहुतेक जैन शेतकरी घरं यातून सरळ वाट काढतात. स्वतः पंप घेतात आणि मग बस्तीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात, जाऊन प्रायश्चित्त घेतात. आपल्या घराने वेगळी वाट काढली होती. तुमच्या आजोबांच्या आईने घालून दिलेली. घरातल्या कुणी औषधाला हात लावायचा नाही, ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, त्याचं नावही घरात काढायचं नाही. आजोबा निपाणीच्या दुकानात फक्त सांगून यायचे, "अळीचं द्या." दुकानदार बाटल्या दुधाच्या टेंपोतून थेट मळ्यातल्या खोलीवर पाठवायचा. ज्या दिवशी फवारणी, त्या दिवशी मळ्याकडचं मागचं दार कडी लावून बंद.

रीत वाईट मनाने घातलेली नव्हती. आजोबांइतका हळवा माणूस मी पाहिला नाही. दिव्यावर पाखरू येऊ नये म्हणून ते काचेभोवती जाळी लावायचे. पण त्या रीतीमुळे असं झालं, की औषध कसं कालवतात, कुठे ठेवतात, अंगावर किती सांडतं, हे या घरातल्या एकाही माणसाने कधी पाहिलं नाही.

हे कपाट आलं त्या वर्षी श्रावणभर पाऊस लागून राहिला. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलं आणि पानांची चाळण व्हायला लागली. भाद्रपद लागला तरी उघडीप मिळेना. दशलक्षण पर्व बसायच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन पडलं. पर्वाच्या दहा दिवसांत आपल्या रानात पंप चालत नसे, हीसुद्धा रीतच.

आजोबांनी मामाला अंगणात बोलावलं. मी आत ओट्यापाशी होते, सगळं ऐकू येत होतं.

"उद्यापासनं दहा दिवस पंप चालायचा न्हाय. आज सगळं उरकून टाक."

"सगळं? ओढ्यापलीकडचा तुकडा धरून?"

"व्हय. आणि जरा जड कर. दहा दिवस टिकलं पायजे."

"जड म्हंजे किती, अण्णा?"

"ते तू बघ. मला काय इचारतोस?"

मामा हसला. "लई बरं हाय तुमचं. पुण्य तुमच्या बस्तीत, पाप आमच्या टाकीत."

"गप रं."

"गप बसतो. पण पारण्याच्या जेवणाला इसरू नका. गेल्या साली लाडू आमच्यापतुर पोचलाच न्हाय."

मी आतूनच म्हटलं, "पोचला होता. तू तो लेकीला दिलास."

"बघा! आक्कांचं ध्यान सगळीकडं असतंय," असं म्हणत तो गेला. मी मागच्या दाराला कडी घातली आणि पर्वासाठी तांदूळ निवडायला बसले.

पुढचं मला मामीने नंतर सांगितलं. दुकानातून दोन बाटल्या आल्या होत्या आणि टेंपोवाल्याबरोबर निरोप होता की दोन्ही एकत्र करून मारा, जोरात बसतंय. मामाने झाकणाच्या मापाने घेतलं, आणि मग जड करायचं म्हणून वरून आणखी ओतलं. काठी हाताशी नव्हती म्हणून बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. पंपाची वायसर गेलेली होती, टाकीतलं पाणी थेंबथेंब पाठीवरून खाली उतरायचं. ते नेहमीचंच होतं. नाकाला मामीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, तोही ओला. पायात काही नाही, चिखलात चप्पल राहत नाही म्हणून. दुकानाने एकदा हातमोजे, चष्मा आणि तोंडाला बांधायची पट्टी फुकट दिली होती. मोज्यांनी मामी बाभळीच्या फांद्या ओढायची आणि चष्मा रंगपंचमीला लेकीने घालून फोडला. मध्ये दम खायला तो बांधावर बसला, तेव्हा त्याच हातावर तंबाखू घेतली, चुना लावून मळली आणि दाढेला धरली. निपाणीच्या मुलखातला माणूस. तंबाखूशिवाय त्याचा हात कामाला लागत नाही.

दुपारी मागचं दार कुणीतरी दोन्ही हातांनी बडवायला लागलं.

"आक्का, दार उघडा! ह्ये बसलेत ते उठंनात!"

कडी पावसाने फुगलेल्या लाकडात अडकली होती. ती निघेपर्यंत मामी पलीकडून ओरडत राहिली. आम्ही धावत गेलो, आजोबाही आले. फवारलेल्या रानात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला असेल. मामा पाटाच्या कडेला बसला होता, पंप तसाच पाठीवर. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, नाकाडोळ्यांतून पाणी, सगळं अंग घामाने निथळत होतं, आणि मांड्यांचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. मी जवळ गेले. त्याने मान वर केली, पण तो माझ्याकडे बघत होता असं वाटेना.

"आक्का, दिवस मावळला काय?"

डोक्यावर ऊन होतं.

आम्ही पंप उतरवला. शेजारच्या रानातला एक जण दूध घेऊन आला, मामीने पाजायचा प्रयत्न केला, ते सगळं उलटून पडलं. तो थरथरत होता म्हणून आजोबांनी त्याला गारठा भरला असं समजून स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि त्याच्याभोवती, ओल्या शर्टावरून, घट्ट लपेटली. मामीने शालीच्या टोकाला गाठ मारली. दुसरी गाडी जवळ नव्हती म्हणून दुधाचा टेंपो बोलावला. त्याच टेंपोतून आम्ही त्याला निपाणीला नेलं. वाटेत मामी शाल सारखी वर ओढत होती आणि तिच्या मांडीवर त्याचं डोकं होतं.

दवाखान्यात नर्सने शाल बाजूला केली आणि ओरडली, "मोदलु अंगी तेगीरि!" आधी अंगी काढा. आम्ही नुसते बघत राहिलो, तेव्हा तिने कात्रीने शर्ट पाठीवरून खालपर्यंत कापला. पाठ तांबडी झाली होती. दोघा जणांनी त्याला साबणाने, नळाखाली, लहान मुलाला घालतात तशी आंघोळ घातली. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलत होते.

"कपडे कुणीच काढले नाहीत? अहो, इथवर येईपर्यंत ते शर्टातून आत जातच होतं. वरून शाल."

त्यांनी केसपेपर पुढे ओढला.

"औषध कुठलं?"

"अळीचं," आजोबा म्हणाले.

"अळीची ढीगभर असतात. नाव सांगा."

आजोबांनी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "एक निळ्या टोपणाचं आणि एक पांढऱ्या टोपणाचं."

मी त्याच टेंपोतून बाटल्या आणायला परत आले. मळ्यातल्या खोलीत मी पूर्वी गेले नव्हते असं नाही, पण दारातून काय हवं नको विचारून परत फिरायचे. या वेळी आत जाऊन माळ्याकडे बघावं लागलं. माळ्यावर, ज्वारीच्या कणगीच्या बरोबर वर, बाटल्या रांगेने मांडलेल्या. काही भरलेल्या, काही अर्ध्या, काहींची टोपणं सैल. एक बाटली कलंडून तिचा ओघळ भिंतीवरून कणगीच्या झाकणापर्यंत आला होता आणि वाळून पिवळा पडला होता. खाली अंथरुणाची वळकटी. खुंटीला मुलीचं शाळेचं दप्तर. आपल्या उंबऱ्याच्या आत जे येऊ द्यायचं नाही, ते सगळं वर्षानुवर्षं इथे राहत होतं.

बाटल्या दिल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. निपाणीहून कोल्हापूर जवळ, पण मामाचं सरकारी कार्ड कर्नाटकाचं, म्हणून अँब्युलन्स बेळगावकडे वळली. संकेश्वर ओलांडताना त्याला श्वास घेता येईना. बेळगावात पोचल्यावर त्याला नळी घालून यंत्रावर ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, की छातीचे स्नायू स्वतःहून चालायला लागले तर वाचेल.

पर्वाचे दिवस मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. मामीला एकटं सोडणं शक्य नव्हतं, आणि तिला मोठ्या डॉक्टरांचं कन्नड-इंग्रजी मिसळलेलं बोलणं समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. ती भिंतीला टेकून बसायची. फारसं बोलायची नाही. एकदा अचानक म्हणाली, "आक्का, अळीला दहा दिवस सुट्टी दिली अण्णांनी."

मी तिच्यापुढे चहाचा पेला सरकवला.

"आमच्या माणसाला एक दिवस जादा दिला असता, तर दोन दिवसांत निवांत मारलं असतं की वो."

पर्व संपायच्या सुमाराला मामाची नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता आणि पाण्याचा पेला धरला की हात कापायचे, पण त्याने मला ओळखलं. पहिली गोष्ट विचारली ती, "पलीकडचा तुकडा राहिलाय न्हवं?"

आपल्यात पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस असतो, तुम्हाला आठवत असेल. सगळे एकमेकांपुढे हात जोडतात आणि वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात. त्या दिवशी आजोबा सकाळच्या एसटीने बेळगावला आले. दहा दिवसांच्या उपासाने गाल आत गेलेले. खाटेपाशी उभे राहिले आणि मामापुढे हात जोडले. "मनानं, बोलण्यानं, देहानं माझ्याकडनं जे झालं, त्याची क्षमा कर बाबा."

मामा उठून बसायची धडपड करायला लागला. "अण्णा, काय ह्ये! हात खाली घ्या."

मामी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होती. तिने त्याला खांदा धरून परत निजवलं आणि म्हणाली, "अण्णा, क्षमा केली. आता मला एक सांगा. त्या बाटल्या परत माझ्या घरात येणार हायत का न्हाय?"

आजोबा गोंधळले. "मग कुठं ठेवायच्या?"

"तुमच्या घरात."

"आमच्या घरात ते चालत न्हाय गं. तुला ठाव हाय."

"आमच्या घरात चालतंय व्हय?"

शेजारच्या खाटेवरचे लोकही ऐकायला लागले होते. आजोबांनी स्टूल ओढलं आणि बसले. हात अजून जोडलेलेच होते, ते त्यांनी मांडीवर ठेवले. मग ते उठले आणि परतीच्या गाडीला निघून गेले. मला वाटलं, रागावले.

मी घरी परतले तेव्हा पडवीत वेल्डिंगवाला बसला होता. ते कपाट त्याने घडवलं. हवा जायला वर जाळी, खाली पाय, दाराला कुलूप. आजोबांनी मळ्यातल्या खोलीतून एकेक बाटली स्वतः आणली. हातात मोजे घालून, लहान मूल धरावं तशी धरून. किल्ली त्यांनी देवघरातल्या जपमाळेच्या खुंटीला अडकवली. त्यानंतर बाटलीवरचं सगळं मी भिंग लावून वाचायचे आणि मराठीत सांगायचे, आणि कालवण्याच्या वेळी ते समोर उभे राहायचे. एका वेळी एकच औषध, मापाबाहेर थेंब नाही, हाताने ढवळणं नाही. वारा सुटला की पंप बंद, ऊन चढलं की बंद. बांधावर साबण, स्वच्छ पाण्याची घागर आणि धुतलेला कपड्याचा जोड ठेवून ते छत्री घेऊन बसायचे. पर्व आलं म्हणून घाई नाही. सोयाबीन गेलं तर गेलं. प्रत्येक फवारणीनंतर ते बस्तीत जायचे आणि संध्याकाळचं जेवण सोडायचे. "आज माझ्या हातनं झालं," म्हणायचे. पूर्वी असं कधी म्हणाले नव्हते.

गावातले लोक हसले. "अण्णांनी नवा देव बसवला पडवीत," असं बस्तीच्या पायरीवरसुद्धा कुणीतरी म्हणालं. काहींनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

हे सगळं चांगलं झालं असं वाचून तुम्ही इथे थांबाल, म्हणून पुढचंही लिहिते. मामा घरी आला, काठी टेकत हिंडायला लागला, आणि मग काही आठवड्यांनी त्याचे पाय खालून गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, अशा विषबाधेनंतर कधी कधी नसा नंतर निकामी होतात. डावा बराचसा सुधारला. उजव्या पायाचा चवडा उचलला जात नाही, तो जमिनीवर घासत येतो. त्या पायात चप्पल टिकत नाही म्हणून तो ती सुतळीने घोट्याला बांधतो. पंप पुन्हा त्याच्या पाठीवर गेला नाही. शेळ्या राखतो, आणि चहाची बशी दोन्ही हातांनी धरतो.

पंप मामीने उचलला. मी तिला सांगून पाहिलं, की तू हे करू नको. ती म्हणाली, "मग कोण करणार? तुमच्या एका मळ्यावर वर्ष निघतंय काय, आक्का?" आपल्या मळ्यात ती मोजे घालते, बूट घालते, पूर्ण बाह्यांचा सदरा घालते आणि मला शिव्या देते, कारण त्यात उकडतं. दुसऱ्यांच्या रानात ती कशी मारते, ते मी पाहिलेलं नाही. तिथे बांधावर कुणी बसत नाही. मी विचारलं की म्हणते, "तिथं कोण आक्का हाय?" गेल्या हिवाळ्यापासून तिचं डोकं दुखतं. ती म्हणते, चष्म्याचा नंबर लागला असेल.

आजोबा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. किल्ली मी घेतली. बांधावर खुर्ची टाकून मी बसते. आता गुडघे साथ देत नाहीत, पण बसायला गुडघे लागत नाहीत.

आता नव्या माणसाकडे येते. मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं, की मळा द्यायचा तर द्या, पण औषध पडवीतच राहील आणि फवारणीला या घरातलं माणूस हजर राहील, हे ठरल्याशिवाय नको. ते म्हणाले, "आई, तो माणूस असल्या अटी ऐकेल का? आणि तू किती दिवस बसणार आहेस बांधावर?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर काल थोडंसं मिळालं.

काल दुपारी मामी आली, पायऱ्यांवरच बसली आणि म्हणाली, "आक्का, तुमचा नवा माणूस बाटल्यांचं खोकं घेऊन आलता. हंगामाच्या आधीच. माळ्यावर ठेवा म्हणतोय."

"मग?"

"दारातनं परत लावला. ह्यांनी काठी आडवी धरली दारात. कधी न्हाय ते!" ती हसली आणि मग थांबली. "म्हटलं, ह्या घरात एक माणूस आधीच अर्धा हाय."

संध्याकाळी तो माणूस माझ्याकडे आला. कुरकुरला, मामा-मामीला खोलीत राहायचं असेल तर ऐकावं लागेल असंही म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि कपाट उघडून दिलं. त्याने खोकं आत ठेवलं. पुढच्या वर्षी काय करेल, ते मला माहीत नाही. तुमच्या बाबांनी अजून होय म्हटलेलं नाही.

आज आहे ते एवढं: कपाट पडवीत आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली जपमाळेच्या खुंटीला आहे. मळ्यातल्या खोलीच्या माळ्यावर फक्त ज्वारी आहे. पंपमामा जिवंत आहे.